रेघ ठरलीच नाही, जेल मात्र ठरलेली

दरवर्षी १ जानेवारीला आणि १ जुलैला भारत आणि पाकिस्तान एकमेकांना याद्या देतात. तुमचे एवढे लोक आमच्या जेलात आहेत, आमचे एवढे तुमच्या. २००८ सालच्या करारानुसार हे चालतं आणि दोघांचं कितीही फाटलेलं असलं तरी याद्या काही चुकत नाहीत. १ जानेवारी २०२५ ची यादी बघा. पाकिस्तानच्या ताब्यात आपले ४९ साधे कैदी आणि २१७ मच्छीमार, आपल्या ताब्यात त्यांचे ३८१ साधे कैदी आणि ८१ मच्छीमार. म्हणजे तिकडे अडकलेल्या आपल्या पाच माणसांतले चार हे मासे मारायला गेलेले लोक आहेत. हेर नाहीत, घुसखोर नाहीत, जाळं ओढणारे लोक.

गाझा, युक्रेन, सुदान यावर आपण टीव्हीवर रोज ऐकतो की युद्धात सामान्य माणसाला वाचवलं पाहिजे, आणि ते बरोबरच आहे, त्यावर कोणाचं दुमत असायचं कारण नाही. पण दोन देशांच्या भांडणात भरडला जाणारा सामान्य माणूस आपल्या किनाऱ्यावरही राहतो आणि त्याच्याबद्दल मात्र आपल्याकडे कोणी फार बोलत नाही. माझं म्हणणं सरळ आहे. समुद्रात रेघ ओलांडली म्हणून मच्छीमाराला जेलात टाकणं दोन्ही देशांनी बंद करावं. बोट अडवा, तपासा, कागद करा, वाटल्यास दंड लावा आणि परत पाठवा. शांततेच्या मोठमोठ्या गोष्टी होतील तेव्हा होतील, ही एक गोष्ट फार स्वस्तात होण्यासारखी आहे.

आता कोणी म्हणेल की हा गुजरातचा प्रश्न, कोकणाचा काय संबंध. कोकण म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर रत्नागिरी-मालवण येतं, आणि पालघर कोकणात धरायचं की नाही यावर आपले लोक व्हॉट्सॲपवर तासभर भांडू शकतात (सरकार दरबारी पालघर कोकण विभागातच आहे, पण असो). तर डहाणू, तलासरी या पट्ट्यातली कितीतरी तरुण पोरं, त्यात आदिवासी बरेच, दरवर्षी ऑगस्टच्या सुमाराला ओखा, पोरबंदर, वेरावळला खलाशी म्हणून जातात. बोट गुजरातच्या मालकाची, तांडेल म्हणजे बोट चालवणारा प्रमुख बहुतेक तिकडचाच आणि जाळं ओढायला आपली पोरं. ॲडव्हान्स आधी घेतलेला असतो, त्यातून घराचं छप्पर नाहीतर बहिणीचं लग्न झालेलं असतं, त्यामुळे सीझन अर्धा टाकून यायची सोय नसते. बोट कुठे न्यायची हे खलाशी ठरवत नाही. तो मागे जाळ्यावर असतो. पाकिस्तानची मेरीटाईम सिक्युरिटी एजन्सी बोट पकडते तेव्हा मात्र तांडेल आणि खलाशी असा फरक ती करत नाही, सगळेच कराचीला.

मुद्दाम जातात का? जातात कधीकधी, हे खोटं बोलण्यात अर्थ नाही. बोटीवर जीपीएस असतं, तांडेलाला अंदाज असतो. पण तो का जातो ते बघा. गुजरातच्या किनाऱ्याजवळचे मासे ट्रॉलर्सनी आणि कारखान्यांच्या पाण्याने संपत आलेत आणि सिंधू नदीच्या मुखाजवळ चिखल आहे, खाड्या आहेत, मासा आहे. डिझेलचा खर्च काढायचा असेल तर बोट मासा असेल तिकडेच जाणार. आणि मुद्दाम गेला तरी तो गुन्हा केवढा? आपल्या सिंधुदुर्गाच्या पाण्यात कर्नाटकातल्या मलप्याचे हायस्पीड ट्रॉलर येतात तेव्हा मालवणची माणसं चिडतात, आरडाओरडा होतो, बोटी पकडल्या जातात, फिशरीज खात्याकडे केस होते, दंड होतो. मलप्याच्या खलाशाला तीन वर्षं जेलात ठेवा असं मालवणचा सर्वात चिडलेला माणूसही म्हणत नाही, कारण त्याला माहीत आहे की समोरचाही पोटासाठीच आलाय.

बरं, जी रेघ ओलांडली म्हणून पकडतात ती रेघ आहे कुठे? सर क्रीक ही कच्छच्या टोकाला असलेली साधारण ९६ किलोमीटरची दलदलीची खाडी. हद्द खाडीच्या मधोमध धरायची की पूर्वेच्या काठावर, यावर दोन देशांचं एकमत नाही. खाडीत हद्द ठरली नाही म्हणून पुढे समुद्रातली हद्दही ठरली नाही. २००७ मध्ये दोघांनी मिळून सर्व्हेसुद्धा केला, पुढे सगळं तसंच पडून राहिलं. दोन भावांचा बांधाचा दावा कोर्टात लोंबकळत असताना तिथे कामाला गेलेल्या गड्यालाच जेलात घालायचं, असला हा प्रकार आहे. बरं आपल्या कोकणात बांधाचे दावे तीन तीन पिढ्या चालतात पण गड्याला कोणी हात लावत नाही.

कायदा काय म्हणतो तेही बघू कारण इथे मला सर्वात जास्त राग येतो. संयुक्त राष्ट्रांचा समुद्र कायद्याचा करार आहे, १९८२ चा. भारताने तो १९९५ मध्ये मान्य केला, पाकिस्तानने १९९७ मध्ये. त्याचं कलम ७३ सांगतं की किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांच्या आर्थिक क्षेत्रात परदेशी बोट मासे मारताना सापडली तर तिला अडवा, तपासा, पण पुरेसा जामीन भरला की बोट आणि माणसं लवकर सोडा, आणि दोन देशांत तसा वेगळा करार नसेल तर मासेमारीच्या नियमभंगासाठी तुरुंगवासाची शिक्षा देऊ नका. इतकं स्पष्ट आहे. पहिल्या १२ मैलांत देशाचा स्वतःचा कायदा चालतो हे मान्य, पण रेघच वादात असताना बोट १२ मैलांच्या आत होती की बाहेर हे पकडणाऱ्याच्या शब्दावरच ठरणार ना. खलाशाकडे काय पुरावा असणार, जीपीएससुद्धा बोटीबरोबर जप्त.

याहून कमाल म्हणजे युद्धाचा कायदा. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. १८९८ मध्ये अमेरिका आणि स्पेनचं युद्ध लागलं. क्यूबा तेव्हा स्पेनकडे. हवानाच्या दोन लहान मच्छीमार बोटी, पाकेते हाबाना आणि लोला, ताजे मासे घेऊन घराकडे येत होत्या, अमेरिकेच्या नौदलाने पकडल्या आणि फ्लोरिडातल्या की वेस्टला नेऊन लिलावात विकून टाकल्या. केस अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेली आणि जानेवारी १९०० मध्ये कोर्टाने आपल्याच नौदलाच्या विरोधात निकाल दिला. किनाऱ्यालगत मासे मारणाऱ्या गरीब माणसाची बोट शत्रूची असली तरी युद्धात पकडायची नाही ही जगाची फार जुनी रीत आहे असं कोर्टाने म्हटलं, आणि दाखले देताना इंग्लंडच्या चौथ्या हेन्रीने १४०३ मध्ये मच्छीमारांच्या संरक्षणाचा हुकूम काढला होता तिथपर्यंत मागे गेले. पुढे १९०७ च्या हेग कराराने हेच लिहून ठेवलं. म्हणजे दोन देश तोफा डागत असतील तर मच्छीमाराला धरायला बंदी, आणि तेच देश शांततेत असतील, एकमेकांना दिवाळी-ईदेला मिठाई देत असतील, तर मच्छीमार जेलात. माझ्या तरी डोक्यात हे बसत नाही.

आणि जेल म्हणजे काही महिन्यांची गोष्ट नाही. कोर्टात शिक्षा होते ती बऱ्याचदा थोड्या महिन्यांची, पण शिक्षा संपली म्हणजे सुटका नाही. त्याचं नागरिकत्व भारताने कळवायचं, मग राजकीय हवा बरी असली तर घोळक्याने सोडायचं, नसली तर थांबायचं. त्याच २००८ च्या करारात लिहिलंय की शिक्षा पूर्ण झाली आणि नागरिकत्व नक्की झालं की एका महिन्यात सोडा. याद्या देण्याचं कलम पाळलं जातं, सोडण्याचं कलम मात्र हवेवर. २०२३ च्या मे आणि जूनमध्ये दोन खेपेत चारशेच्या आसपास मच्छीमार सुटले, फेब्रुवारी २०२५ मध्ये २२. मधल्या काळात घरच्यांनी काय करायचं? घरी फोन नाही, पगार बंद, ॲडव्हान्स फिटलेला नाही. बायको कोणाच्या तरी वाडीत मजुरीला जाते, पोरगा शाळा सोडतो आणि पुढच्या सीझनला तोच बोटीवर चढतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये ओख्याहून निघालेल्या बोटीवर पाकिस्तानी एजन्सीने गोळीबार केला आणि पालघर जिल्ह्यातला एक खलाशी मेला. २०२४ मध्ये डहाणू तालुक्यातल्या एकाचा कराचीच्या जेलात मृत्यू झाला आणि मृतदेह घरी यायला महिन्याच्या वर लागला. घरचे लोक महिनाभर माती द्यायला थांबले होते, हे नुसतं लिहायलाही जड जातं.

ज्यांची बाजू तगडी आहे असं त्यांना वाटतं ते इथे सिक्युरिटीचा मुद्दा काढतात, आणि तो मुद्दा आम्हा रायगडवाल्यांना कोणी शिकवायला नको. फेब्रुवारी १९९३ मध्ये आरडीएक्स उतरलं ते श्रीवर्धनच्या शेखाडीला. १२ मार्चला मुंबईत स्फोट झाले, २५७ माणसं गेली. पण त्या केसमध्ये दोषी ठरलेल्यांत पोलीस आणि कस्टमचे अधिकारीही होते हे सोयीस्कर विसरलं जातं, लक्षात राहतो तो फक्त किनारा आणि किनाऱ्यावर राहणारा माणूस, त्यातही आडनाव अमुक असलेला. मग २६/११. दहा जण आले ते पोरबंदरच्या कुबेर या मच्छीमार बोटीवरून. हेच उदाहरण देऊन मला सांगतात की बघा, मच्छीमार बोटीतूनच आले. अहो, पण कुबेरवरच्या पाचही जणांना त्यांनी मारलं ना. २६/११ चे पहिले बळी मच्छीमार आहेत. आणि कुलाब्याच्या मच्छीमार नगरला ते उतरले तेव्हा तुम्ही कोण, कुठले, असं पहिल्यांदा विचारलं तेही किनाऱ्यावरच्या कोळ्यांनीच.

नंतर आमच्याकडे भीती बसली ती बसलीच. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरजवळ लेडी हान नावाची रिकामी बोट वाहत आली, आत तीन एके-४७. दिवसभर नाकाबंदी, चॅनेलवाल्यांचा नुसता थयथयाट. शेवटी निघालं काय, तर मस्कतहून युरोपला निघालेली खाजगी बोट, जूनमध्ये इंजिन बंद पडलं, माणसांना वाचवलं आणि बोट वाहत इथवर आली. जुलै २०२५ मध्ये कोर्लईसमोर रडारवर संशयित पाकिस्तानी बोट दिसली म्हणून अख्खा किनारा पालथा घातला, तर ते मासेमारीच्या जाळ्याचं वाहत आलेलं बोयं निघालं. तपास केला हे योग्यच केलं, त्यासाठीच यंत्रणा आहे. माझा मुद्दा वेगळा आहे. या दोन्ही वेळी खरं काय ते दोन-चार दिवसांत कळलं. बोट कोणाची, माणूस कोण, शस्त्र आहे का, हे ठरवायला दिवस लागतात. वर्षं लागत नाहीत. तीन वर्षं जेलात ठेवून सिक्युरिटीची कोणती माहिती मिळते जी पहिल्या आठवड्यात मिळाली नव्हती? मिळते ती फक्त वाटाघाटीत वापरायला जिवंत माणसांची शिल्लक. तुम्ही इतके सोडा, आम्ही इतके सोडतो. सरळ भाषेत त्याला ओलीस म्हणतात आणि यात आपलं सरकारही मागे नाही. वर सांगितलेले ते ८१ जण आपल्याच जेलात होते, बहुतेक सिंधच्या किनाऱ्यावरचे, तेही इतकेच गरीब.

अजून एक गोष्ट, जी आमच्या मच्छीमार सोसायट्यांनाही फारशी आवडत नाही. २००८ नंतर मच्छीमारांना सारखं सांगितलं जातं की तुम्ही देशाचे डोळे आणि कान आहात. बायोमेट्रिक कार्ड आलं, टोकन आलं, सागर रक्षक दल आलं. संशयास्पद बोट दिसली तर कळवणं हे कोणत्याही नागरिकाचं काम आहे, त्यात वाद नाही, आणि कोळी ते पूर्वीपासून करतच आलाय. पण यात एक धोका आहे. १९०७ च्या ज्या करारात मच्छीमार बोटीला संरक्षण दिलंय त्याच कलमात पुढे लिहिलंय की बोटीने लढाईत कसलाही भाग घेतला की संरक्षण संपलं, आणि सरकारांनीही अशा निरुपद्रवी दिसणाऱ्या बोटींचा लष्करी कामासाठी वापर करू नये. आपण भाषणात मच्छीमाराला सैनिक म्हणतो, टाळ्या पडतात, आणि तिकडे समुद्रात तीच गोष्ट त्याच्या विरोधात वापरली जाऊ शकते. सैनिकाला पगार असतो, पेन्शन असते, हातात शस्त्र असतं, पकडला गेला तर युद्धकैद्याचे हक्क असतात. खलाशाला यातलं काहीच नाही, फक्त संशय त्याच्या वाट्याला. त्याला साधा माणूसच राहू द्या ना.

दोन देशांना जमत नाही असंही नाही. बांगलादेशबरोबरची आपली सागरी हद्द २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने ठरवून दिली, वादातल्या भागातला मोठा हिस्सा त्यांना गेला, आणि आपण तो निकाल मुकाट मानला. तरी मच्छीमार पकडले जातातच कारण माशाला लवाद कळत नाही. पण जानेवारी २०२५ मध्ये, ढाका आणि दिल्लीचं तेव्हा अजिबात बरं चाललेलं नसताना, आपले ९५ आणि त्यांचे ९० मच्छीमार समुद्रातच अदलाबदल करून परत आले, बोटींसकट. बोटींसकट हा शब्द इथे महत्त्वाचा आहे, कारण पाकिस्तानकडे आपल्या हजाराच्या वर बोटी अडकून कुजतायत. माणूस परत येतो आणि ज्यावर पोट होतं ती बोट तिकडेच. शिवाय माणूस समुद्रातून पकडलेला असला तरी घरी येतो तो जमिनीवरून, कराचीहून रेल्वेने लाहोर, तिथून वाघा, मग अमृतसर, मग गाडीने अर्धा देश ओलांडून. या प्रवासाचं तिकीट आणि खर्चाला थोडे पैसे कितीतरी वेळा कराचीच्या एधी फाउंडेशन या सेवाभावी संस्थेने दिलेत. शांतता कमिटीच्या मीटिंगा आणि मेणबत्त्या यापेक्षा मला ते तिकीट मोठं वाटतं.

श्रीलंकेकडे बघितलं तर गुंता अजून वाढतो, तेही सांगायला पाहिजे. तिकडे १९८३ ते २००९ यादवी चालली तेव्हा जाफन्याच्या तमिळ मच्छीमारांना नौदलाच्या बंधनांमुळे स्वतःच्याच समुद्रात नीट जाता येत नव्हतं. युद्ध संपलं, ते जाळी घेऊन उतरले तर समोर तमिळनाडूचे ट्रॉलर तळ खरवडून नेतायत. युद्धात होरपळलेल्या माणसाचं पुन्हा बसलेलं बस्तान इकडचा मच्छीमार उठवतोय, आणि त्याला पकडून जेलात टाकलं की इकडे तोही बळीच. म्हणून सरसकट कुठेही जाऊ द्या असं मी म्हणत नाहीये. तळ खरवडणाऱ्या ट्रॉलरवर आणि त्याच्या मालकावर जबर दंड लावा. आमच्याकडे पर्ससीन (मोठ्या जाळ्याने अख्खा थवा वेढणारी) आणि एलईडी लाइटच्या मासेमारीवर तेच व्हायला हवं, होत नाही ती गोष्ट वेगळी. पण दंड मालकाच्या खिशातून जावा, खलाशाच्या आयुष्यातून नको.

मग करायचं काय. दिल्ली आणि इस्लामाबादने करायच्या गोष्टी कागदावर आधीच आहेत. दोन्हीकडच्या निवृत्त न्यायाधीशांची एक समिती होती, जेलमध्ये जाऊन कैद्यांना भेटायची, शिफारशी द्यायची. २०१३ नंतर ती बसलेली नाही, तिला बसवा. दोन्ही तटरक्षक दलांत थेट संपर्काचा करार २००५ चा आहे, त्याचा वापर बोट पकडल्याचं कळवण्यापुरता न ठेवता बोट जागेवरूनच परत फिरवण्यासाठी करा. ऑस्ट्रेलिया आणि पापुआ न्यू गिनी यांनी टोरेस सामुद्रधुनीत १९७८ च्या करारात हद्द तर आखलीच, पण दोन्हीकडच्या पारंपरिक लोकांना ये-जा आणि मासेमारीला वेगळा पट्टाही ठेवला. सर क्रीकचा वाद सुटेपर्यंत लहान बोटींसाठी असं काही का नको? मे २०२५ नंतर हे बोलणं सुद्धा अवघड झालंय हे मला कळतं. चार दिवसांच्या त्या लढाईनंतर पाकिस्तानशी बोला म्हटलं की लोक देशद्रोही म्हणून मोकळे होतात. पण लढाई चालू असतानाही याद्या आणि कैदी या विषयावर बोलता येतं, त्यासाठी मैत्री लागत नाही, इराक आणि इराणसुद्धा युद्धानंतर वर्षानुवर्षं कैद्यांची अदलाबदल करत होते.

दिल्लीची वाट न बघता आपल्याकडे होण्यासारखं एक काम मात्र आहे. सुटका लांबते त्यातलं एक मोठं कारण नागरिकत्वाची पडताळणी. कराचीच्या जेलात तलासरीचा पोरगा आपल्या पाड्याचं नाव सांगतो, ते तिकडे भलतंच लिहिलं जातं, मग ते दिल्लीला येतं, दिल्लीहून मुंबई, मुंबईहून जिल्हा, जिल्ह्यातून तलाठी. महिने जातात. मासेमारीची पावसाळी बंदी संपते आणि पोरं ओख्याच्या गाडीत बसतात, त्याआधी प्रत्येक ग्रामपंचायतीने एक वही ठेवावी. जाणाऱ्याचं नाव, आधार नंबर, फोटो, बोटीचं नाव आणि नोंदणी नंबर, मालकाचा फोन, घेतलेला ॲडव्हान्स. त्याची एक प्रत फिशरीज ऑफिसला, एक कलेक्टर ऑफिसला. बोट पकडल्याची बातमी आली की त्याच दिवशी ते पान परराष्ट्र खात्याकडे गेलं पाहिजे आणि घरच्यांची मदतही त्याच पानावरून सुरू झाली पाहिजे, बोट गुजरातची म्हणून गुजरातकडे जा आणि माणूस महाराष्ट्राचा म्हणून महाराष्ट्राकडे जा असे हेलपाटे न घालता. मालक नंतर हा खलाशी माझा नाहीच म्हणाला तर ॲडव्हान्सची नोंद कोर्टात दाखवता येईल. याला जीआर लागला तर काढा, नाही निघाला तर ग्रामसभेत ठराव करून वही सुरू करा, वहीची किंमत ऐंशी रुपये आहे.